कूलरचं तिला कोणी सांगितलंच नाही

मी जात्याच भित्री. गॅस बंद केला की नाही, या शंकेने प्रताप नगरपर्यंत गेलेली गाडी वळवून बेसाला घरी परत येणारी बाई मी. आणि नेमकी माझ्याच घरी, भर मे महिन्यात, सातासमुद्रापलीकडची एक तरुण पोरगी राहायला आली.

उन्हाळी शिबिरात लहान मुलांना शिकवायला ती स्वयंसेवक म्हणून आली होती. शिबिर भरवणाऱ्या सरांनी आमच्याकडे फक्त झोपण्याची सोय मागितली होती. बाकी सगळं म्हणे एकदम सेट होतं. डोंबलाचं सेट! विमानतळावर तिला घ्यायलाच कोणी गेलं नाही. शेवटी आम्हीच धावलो. बिचारी पिशवी कवटाळून बसली होती, रडून नाक लाल झालेलं.

तिला आम्ही काय काय म्हणून बजावलं! डोक्याला दुपट्टा बांध, उपाशीपोटी उन्हात जाऊ नको, पाणी पीत राहा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेव. कांद्याला ती हसली, पण ठेवला. कूलरचं मात्र कोणीच बोललं नाही. ओल्या अंगाने चालू कूलरला शिवायचं नाही, हे इथल्या पोराला चालायला लागल्यापासून माहीत असतं. ते कोणाला सांगावं लागतं, हे आमच्या डोक्यातच येत नाही.

पहिल्या दिवशी मी तिला शिबिराच्या जागी सोडायला गेले. टिनाचं छप्पर असलेला हॉल, आत एक जुना कूलर, दारात पंचवीसेक पोरं, आणि मोठं माणूस एकही नाही. सोबतीला आणखी तिघं येणार होती, कागद-रंग येणार होते. कशाचा पत्ता नव्हता. सरांना फोन लावला, तर म्हणाले, "मॅडम, निघूनच राहिलो, पाच मिनिटांत पोचतो." त्यानंतर फोन बंद. परक्या देशात ती एकटी, पोरांची भाषा तिला येत नाही, तिची पोरांना नाही. कोणाला काही झालं तर जबाबदार कोण? मी काही तिला सोडून गेले नाही.

पोरगी मात्र धीराची निघाली. कागद नाहीत म्हणून तिने बादलीभर पाणी आणलं आणि पोरांना ओल्या बोटांनी फरशीवर चित्रं काढायला लावली. एक चिमुरडी तर सकाळपासून तिच्या कुर्त्याला लटकलेली. पोरं खूश, आणि माझा जीव टांगणीला. घसरून कोणाचं डोकं फुटलं म्हणजे? सर आले का बघायला मी फाटकापाशी गेले.

तिथे चौकीदार तंबाखू मळत उभा होता. सहज म्हणाला, "मॅडम, कूलर नाही ना लावला आतमंधी? काल मलेच करंट लागला त्याचा. सरले सांगतलं होतं, दुरुस्त करतो म्हणे."

"काहून नाही सांगितलं गा आधी!" मी किंचाळले आणि उलट्या पावली धावले.

दारातून जे दिसलं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. हॉलभर पाणी, पोरं अनवाणी, कूलर घरघरतोय, आणि ही पोरगी बादली घेऊन त्यात पाणी ओतायला निघालेली. आमच्या घरी सकाळी आम्हाला कूलर भरताना तिने पाहिलं होतं. आधी बटण बंद करतात, ते तिच्या लक्षात कसं येणार? चिमुरडी कुर्ता धरून मागे मागे.

ओरडावं तर पोरं दचकून पळणार, घसरणार, त्या कूलरवरच जाऊन आदळणार. बटणाचा बोर्ड पलीकडच्या भिंतीला. आणि कुठून सुचलं देव जाणे, माझ्या तोंडून निघालं, "स्टॅच्यू!"

आमच्या पोरांचा हा रोजचा खेळ. स्टॅच्यू ऐकलं की असाल तसं थिजायचं, ओव्हर म्हणेपर्यंत हलायचं नाही. अख्खा हॉल थिजला. हलत होती ती एकटी. तिला कुठून माहीत असणार आमचा खेळ? माझ्याकडे बघून हसली, पुढे झाली, कूलरच्या पत्र्याकडे हात नेला, आणि मागून तिला हिसका बसला. चिमुरडीचा पुतळा झाला होता. कुर्ता मुठीत, पाय रोवलेले. हात आणि पत्रा यांच्यात वीतभर अंतर राहिलं होतं.

मी कशी धावले ते आठवत नाही. पायात रबरी चप्पल होती एवढंच नशीब. बटण बंद केलं आणि तिथेच पाण्यात फतकल मारून बसले. मी कूलरकडे बोट दाखवलं, मग वरच्या वायरीकडे. तिला कळलं. चेहरा पांढराफटक पडला. बादली तिने अगदी हळू खाली ठेवली.

पोरं मात्र तशीच उभी होती. कोणी एका पायावर, कोणाचं तोंड उघडं. त्यांना सोडवायला मला एकच शब्द म्हणायचा होता आणि तोच फुटेना. चिमुरडीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मूठ काही सुटली नाही. ओठ न हलवता ती पुटपुटली, "काकू, ओव्हर म्हण ना वं. हात दुखून राहिले माहे."