मायचे डोळे, बहिणीचे हात

माझ्या फोनमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचे दोन महिन्यांचे व्हिडिओ कॉल साठवलेले आहेत, जवळजवळ रोजचा एक. ते उघडायची मला भीती वाटते. साप निघालेल्या खोलीत पुन्हा पाय ठेवताना वाटते तशी.

बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून ती बोलतही नाही. तिला दिग्रसला दिलं आहे. जावई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. माणूस सरळ आहे, सासूही वाईट नाही. पण त्या घरात तिच्याशी बोलायचं म्हणजे जेव, चल, थांब, पाणी, एवढंच. मनातलं सांगायला तिला जगात एकच माणूस आहे, आमची माय. दोघींनी मिळून घरातल्या घरात हातांची एक बोली तयार केली. ती कुठल्या शाळेतली नाही की पुस्तकातली नाही. दंडावर दोन बोटं ठेवली की माय, कारण तिच्या दंडावर गोंदण आहे. नाकाच्या शेंड्यावर बोट ओढलं की मी, कारण माझा राग नाकावर. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर त्याचाही रागच आला.

ही बोली घडत होती तेव्हा मी यवतमाळला वसतिगृहात राहून शिकत होते. सुटीत आले आणि बाजारात बहीण हात हलवून काही सांगू लागली की मी चार पावलं पुढे निघून जायची. लोक बघायचे, मला लाज वाटायची. आज आर्णीजवळच्या शाळेत मी दुसऱ्यांच्या पोरांना बोलायला, वाचायला शिकवते आणि सख्ख्या बहिणीचं निम्मंसुद्धा मला समजत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गेल्या उन्हाळ्यात मायला यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर मायने विचारलं, "काय बोलला वं डाक्टर?" मी म्हटलं, "थेंब टाकाचे सांगतले, दोन टाइम." ती निश्चिंत झाली. परतीच्या बसमध्ये मात्र मी हिशेब करू लागले. नजर गेली तरी माय माझ्याजवळ राहते, तिला मी हाताला धरून नेईन. पण बहिणीचं काय? ती जे बोलते ते डोळ्यांनीच ऐकावं लागतं, आणि ऐकणारे डोळे हे दोनच. ते गेले की ती दिग्रसच्या त्या घरात जेव, चल, थांब यांच्यावर जन्म काढणार.

स्क्रीन रेकॉर्डिंग मला तेव्हा सुचलं. आमच्या शाळेतल्या एक बाई ऑनलाइन बैठका तशा साठवून ठेवायच्या, कारण बैठकीत त्यांना हमखास झोप लागायची. मी ठरवलं, मायची नजर आहे तोवर बहिणीचे कॉल रेकॉर्ड करायचे, मायला दाखवून प्रत्येक खुणेचा अर्थ विचारायचा आणि वहीत उतरवायचा. मास्तरीण बाई वहीशिवाय दुसरं काय करणार!

बाईंनी सांगितल्याप्रमाणे पडदा वरून खाली ओढला. वायफाय, बॅटरी, ब्लूटूथ सगळी चौकोनी बटणं होती, रेकॉर्डिंगचं तेवढं नव्हतं. पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवल्यावर आणखी बटणं निघाली, त्यात ते लपलेलं होतं. ओढून वर आणलं. दाबलं तर फोनने ताकीद दिली, की स्क्रीनवर दिसणारं सगळं, अगदी पासवर्डसुद्धा, रेकॉर्ड होईल. माझा हात थबकला. फोनवरून फसवल्याच्या बातम्या रोज ऐकायच्या आणि आपणच आपल्या हाताने दार उघडायचं? शेवटी डोळे मिटून "सुरू करा" दाबलं. तीन, दोन, एक. कोपऱ्यात लाल ठिपका लागला.

पहिलं रेकॉर्डिंग गणपतीत केलं. लावून पाहिलं तर आवाज नाही. मी सेटिंगमध्ये जाऊन माइक लावला, काढला, फोन बंद करून चालू केला. तरी आवाज नाही. दुसऱ्या दिवशी चिडून मोबाइलच्या दुकानात गेले आणि दुकानदाराला चार शब्द सुनावले. त्याने व्हिडिओ शांतपणे पाहिला आणि विचारलं, "मॅडम, यात बोलून कोण राह्यलं?" मी फोन उचलला आणि मागे न पाहता घरी आले.

मग रोजचा क्रम ठरला. संध्याकाळी सहाला दिग्रसहून कॉल यायचा. मी फोन डब्याला टेकवून उभा करायची, रेकॉर्डिंग लावायची आणि चहा ठेवायला जायची. मोठ्या चौकटीत बहीण, कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत माय. दोघींचे हात चालायचे. माय उठली की मी फोन बंद करायला यायची. त्या दोन क्षणांत बहीण घाईघाईने मला काहीतरी खूण करायची, रोज तीच. मी हसून मान डोलवायची. न समजलेल्या बोलण्यावर मान डोलवायची आपल्याकडे रीतच आहे.

जेवणं झाली की तोच व्हिडिओ मी मायला दाखवायची. जरा पाहून ती सांगायची आणि मी लिहून घ्यायची. "सासूचे गुडघे दुखून राह्यले म्हणते." "जावयानं नवी चप्पल आनली म्हणते." वही भरत चालली तशी माझी भीती कमी होत होती. या काळात तांदूळ निवडायचं मायने माझ्याकडे दिलं होतं, "मले कंटाया येते आता," म्हणून. मला वाटलं, वय झालं.

दिवाळीनंतरची गोष्ट. गॅलरीत सगळे व्हिडिओ सारखेच दिसायचे, त्यामुळे चुकून मी आदल्या आठवड्यातला लावला. वहीत त्यापुढे चप्पल लिहिली होती. माय स्क्रीनकडे पाहत म्हणाली, "तुरीची दाय संपली म्हणते, उद्या आनते म्हणते."

मी वही पाहिली. व्हिडिओवरची तारीख पाहिली. तोच पुन्हा लावला.

"हे कालचं हाय का वं?" मायने विचारलं.

"हो."

"पाय दुखते म्हणते तिचे."

एकाच व्हिडिओचे तीन अर्थ. मी विचारलं, "माय, तुले दिसून राह्यलं का?"

ती आधी चिडली. "दिसते नाई त का! आंधयी हाओ का मी?" मग तिने पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. उजेड-अंधार कळतो, समोर माणूस आहे एवढं कळतं, बोटं दिसत नाहीत, असं हळूहळू तिच्याकडून निघालं.

"कवापासून?"

"पोयापासून."

पोळा गणपतीच्या आधी. म्हणजे वहीचं पहिलं पान लिहिलं तेव्हासुद्धा तिला दिसत नव्हतं.

"काहून नाही सांगतलं माय?"

"तुले सांगतलं असतं त तू तिले सांगतलं असतं. आन् मले दिसत नाई हे समजलं त ते फोन कायले करन? कोनाशी बोलन ते?" तिने माझं मनगट घट्ट धरलं. "तिले नको सांगू. माही शपथ हाय तुले."

मी शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी आधीचंच सांगितलं. पण आता मला वेगळीच भीती खायला लागली. दोन महिने बहीण रोज काहीतरी सांगत होती. त्यावर माय अंदाजाने उत्तर देत होती, बरं, बरं, जेवून घे. आणि मी वहीत चपला लिहीत होते. या दोन महिन्यांत तिने काय काय सांगितलं असेल? मारतात म्हणून सांगितलं असेल तर? दुखणं असेल तर? मला घेऊन जा म्हणत असेल तर? आणि रोज शेवटी ती मला जे सांगायची, ज्यावर मी हसून मान डोलवली, ते काय होतं?

रविवारी मी दिग्रसची बस धरली. वाटेत एकेक व्हिडिओ उघडला. घरी पाहताना जो चेहरा साधा वाटला होता तो आता रडवेला वाटू लागला. कपाळावर आठी दिसली की मी व्हिडिओ थांबवून पुन्हा मागे घ्यायची. परीक्षेच्या गडबडीत एक व्हिडिओ मायला दाखवायचाच राहिला होता. तो लावला. त्यात बहिणीचे हात मांडीवर होते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिने एक बोटसुद्धा हलवलं नव्हतं, नुसती पाहत बसली होती. आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत माय हसत होती, मान हलवत होती, उत्तरं देत होती. शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं वो ताई?" मी फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

बहिणीने दार उघडलं. मी आधी तिचे दंड, गळा, पाठ पाहून घेतली. ती हसली, मला आत ओढलं, चहा टाकला. सासू म्हणाल्या, "अशा एकाएकी आल्या?" मी म्हटलं, सहज. सासू पाणी भरायला गेल्यावर मी फोन काढला आणि रोजची ती शेवटची खूण लावून बहिणीपुढे धरली. आधी दंडावर दोन बोटं, मग हवेत चिमूट, मग तळवा खाली दाबलेला. माय एवढं मला समजत होतं, पुढचं नाही. मी हात पसरून विचारलं, काय?

ती माझ्याकडे पाहतच राहिली. एवढे दिवस मान डोलवत होतीस ना, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मग तिने मला देव्हाऱ्यापाशी नेलं. निरांजन लावलं, चिमटीत धरून वात विझवली. दंडावर दोन बोटं ठेवली, आपल्या डोळ्यांना हात लावला, पुन्हा चिमूट. शेवटी तळवा खाली दाबला आणि ओठांवर बोट ठेवलं. मायचे डोळे विझले. मला कळलं हे तिला सांगू नको.

शपथ मोडायची वेळच आली नाही. तिने कॅलेंडर काढून पान मागे उलटलं आणि बोट ठेवलं. पोळ्याच्या आठवड्यावर. त्यानंतर एकही दिवस तिने कॉल चुकवला नव्हता. बाकी काय काय सांगितलंस, असं मी विचारलं तेव्हा तिने हात झटकले. ज्याला आपले हातच दिसत नाहीत त्याला कोणी काय सांगतं? नंतर ती थोडी रडली. मला तिच्या पाठीवर हात ठेवण्यापलीकडे काही येत नव्हतं.

संध्याकाळच्या आत घरी पोचले. माय दारातच होती. "तिले सांगतलं त नाई ना?"

"नाही. तिले माहीत हाय माय. पोयापासून."

माय भिंतीला हात लावून खाली बसली.

"माहीत हाय?" ती म्हणाली. "आन् तरी रोज फोन करते?"

"रोज."

सहाला फोन वाजला. मी तो डब्याला टेकवला, रेकॉर्डिंग लावलं, पण या वेळी चहा ठेवायला गेले नाही. मायने पदर सारखा केला आणि डोळे मिटून घेतले. गेले दोन महिने ती डोळे ताणून बसत होती, हे मला त्या मिटण्यावरून समजलं. मिटल्या डोळ्यांनी तिने हात उचलले आणि सावकाश काही सांगितलं. पलीकडे बहिणीने तोंडावर हात धरला, मग तो काढून उत्तर दिलं. लांबलचक उत्तर.

"काय म्हणते?" मायने विचारलं.

मी पाहिलं होतं, डोळे फाडून पाहिलं होतं. माय आणि मी, एवढ्याच दोन खुणा ओळखू आल्या. काहीतरी बरं सांगून टाकावं असं फार मनात आलं.

"मले नाही समजलं माय."

"मंग पुस नं तिले पुन्हा."

मी भीत भीत हात पसरला. बहिणीने पुन्हा सांगितलं. तेव्हाही कळलं नाही. तिसऱ्यांदा तिने एकेक खूण सुटी करून दाखवली, मध्ये थांबत, माझ्या चेहऱ्याकडे बघत. माय डोळे मिटून माझ्या बोलण्याची वाट पाहत होती.