दगडावरच्या तलवारी

माझ्याकडे चार वह्या आहेत. निपाणी, चिकोडी, बेळगाव आणि खानापूर, अशा तालुकावार. प्रत्येक पानावर सात रकाने: गाव, जागा, दगडाचा प्रकार, उंची, रुंदी, कुणाच्या ताब्यात, शेरा. गेली सहा वर्षं रविवारी सकाळी मी स्कूटर काढते आणि गावोगावचे जुने दगड बघत हिंडते. लढाईत पडलेल्यांचे वीरगळ, सतीशिळा, देवळाच्या पायरीत बसवलेले लेख, पाणवठ्यावर धुणं बडवायला घेतलेल्या मूर्ती. निपाणीत मराठी शाळेत मी गणित शिकवते. टेप, खडू आणि वही जवळ असली की मला कुठेही परकं वाटत नाही.

शाळेत असताना आम्ही कर्नाटकाचा इतिहास मराठी पुस्तकातून पाठ केला. कदंब, चालुक्य, राष्ट्रकूट. क्रम चुकला की छडी. सुट्टीत कोल्हापूरला मामाकडे गेलं की तिथली भावंडं वेगळाच इतिहास घडाघडा म्हणत. आपलं राज्य कुठलं, हा विषय आमच्याकडे कुणी काढला की चहा गार होतो आणि आवाज चढतो. मी ठरवलं, त्यात पडायचं नाही. जे मातीत उभं आहे ते मोजायचं. मग ते लोकांनाही दाखवावंसं वाटू लागलं. महिन्यातला एक रविवार, एक टेम्पो, वीस-पंचवीस माणसं आणि प्रत्येकाच्या हातात मी तयार केलेलं एक छापील पान. हे सगळं मी एकटीनं उभं केलं होतं, आणि दगडापुढे उभं राहून सांगायचं कामही माझंच होतं. वर्गात मुलं ऐकतात ती परीक्षेसाठी. इथे मोठी माणसं सुट्टी मोडून ऐकायला येत. मला त्याची सवय लागली होती.

दीड वर्षापूर्वी वहिनी यायला लागल्या. सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणतं. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे, माहेर चिकोडीकडचं, जैन घरातलं. एकच वाक्य मराठीत सुरू करून कन्नडात संपवतील आणि दोन्हीकडच्या माणसांना वाटेल की या आपल्यातल्याच. आजोबांनी लहानपणी बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, जुन्या कानडी पोथ्या वाचायला बसवलेलं, त्यामुळे दगडावरची काही अक्षरं त्यांना लागतात. त्यांच्याकडे वही नाही. पेनसुद्धा माझंच मागून घेतात. टेम्पो सातला सुटणार म्हटलं की सव्वासातला येतात, निसरड्या चपला घालून.

माणसं त्यांच्याकडे ओढली जातात, हे पहिल्यांदा मला जाणवलं एका गावच्या विहिरीवर. तिथे तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या. मी वही उघडून विचारलं, हा दगड कधीचा, कुणी बसवला, पूजा कधी असते.

"न्हाय ठावं," तिघींनी एकदम सांगितलं.

वहिनी कट्ट्यावर मांडी घालून बसल्या. "आक्का, माहेर कुठलं तुमचं?"

म्हातारीनं गाव सांगितलं.

"अगं बाई, माझी आत्या दिल्या की तिथं! वेशीतलं पहिलं घर."

"त्या चिंचेखालचं?"

"व्हय. आता चिंच न्हाई राहिली."

पंधरा मिनिटांत ताक आलं, आणि ताकामागून गोष्ट आली. गुरं पळवून नेणाऱ्यांना आडवा गेलेला कुणी गुराखी, त्याचा हा दगड, आणि गाय व्याली की गावात पहिलं दूध अजून त्याच्यावर घालतात. माझी सगळी माणसं वहिनींभोवती बसली. बुडाखाली घ्यायला सगळ्यांनी माझी छापील पानं वापरली. मी टेपचं एक टोक धरून उभी होते आणि दुसरं टोक धरायला कुणी मोकळं नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक रविवारी तेच. ग्रुपवर मी फोटो, मापं आणि चार ओळी मुद्देसूद टाकायची. चार अंगठे यायचे. वहिनी दुकानातून बोलून मेसेज पाठवायच्या, त्यात मध्येच "साडेपाच वार पुरे की व्हो" असं गिऱ्हाईकाला सांगणंही असायचं, आणि लोक ते घरच्यांना ऐकवायचे. मी ते मेसेज स्वयंपाक करताना ऐकायची. दोनदा ऐकायची. चूक सापडते का बघायची. मापांच्या चुका सापडायच्या, पण मापं कुणाला हवी होती?

आमच्यात एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. गणपतीच्या आधी ते मला म्हणाले, "बाई, तुमची लई धावपळ होत्या. पुढच्या महिन्यापासनं टेम्पो आणि चहाचं तेवढं बघा. सांगायचं वहिनींच्यावर टाकू. तुम्हालाबी विसावा."

माणूस मनानं चांगला. मला मात्र ते 'टेम्पो आणि चहा' दिवसभर ऐकू येत राहिलं.

मग मी कॅलेंडर काढलं. चिकोडी तालुक्यातल्या एका गावात, शेताच्या बांधावर एक दगड आहे. तो मीच शोधलेला, कुणालाही न दाखवलेला. वहीतली नोंद अशी: "वीरगळ. दोन योद्धे समोरासमोर बसलेले. मध्ये एकमेकींवर आडव्या तलवारी. खाली तीन ओळी, अस्पष्ट." हा दगड मी राखून ठेवला होता. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवसापासून अनंत चतुर्दशीपर्यंत वहिनींचं पर्व असतं. दहा दिवस एक वेळ जेवण, सकाळभर बस्तीत पूजा. त्या दहा दिवसांतल्या रविवाराभोवती मी पेन्सिलीनं गोल काढला, मग पेनानं. ग्रुपवर लिहिलं, "गौरी गेल्या आहेत, सर्वांना सोयीचा दिवस." वहिनींचं उत्तर आलं, "मला जमणार न्हाय बाई, बस्तीत असते. या तुम्ही जाऊन." मला आनंद झाला. तो लपवायलाही समोर कुणी नव्हतं.

रविवारी ऊन स्वच्छ होतं. सोयाबीन गुडघ्यापर्यंत आलेलं, पलीकडे तंबाखूची रोपं नुकतीच लागलेली. बांधावर मी वीस मिनिटं बोलले. दोन शूर, कदाचित भाऊ, लढाईला निघण्यापूर्वी समोरासमोर बसलेत. मध्ये शपथेच्या तलवारी आडव्या ठेवल्यात. शपथेचं मला बोलता बोलता सुचलं. लोक गप्प ऐकत होते. आप्पांनी दोन फोटो काढले. पानावर कुणी बसलं नाही.

एवढ्यात शेताचा मालक आला. पन्नाशीचा, पांढरं धोतर, कपाळावर गंध. बस्तीतून पूजा आटोपून परतत असणार. थोडा वेळ त्यानं ऐकून घेतलं.

"बाई, तलवार कुठं दिसली तुम्हास्नी?"

मी बोट ठेवून दाखवली.

"ती ठवणी हाय. पोथी ठेवायची, फुलीसारखी उघडत्या. आमच्या बस्तीत अजून तसलीच हाय, लाकडाची." त्यानं उजवीकडच्या आकृतीच्या डोक्यावरून हात फिरवला. "आणि ही बाईमाणूस. अंबाडा बघा की. समोर मुनी बसल्यात, ते तिला ऐकवायलेत. अन्नपाणी सोडून गेली ती. तिचा दगूड हा. लढाईचा न्हवं."

मागून कुणीतरी हसलं आणि हसू खोकल्यात घातलं. दोन वर्षांपूर्वी त्याच जागी बसून मी ठवणीची उंची आणि रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजली होती.

"थांबा, वहिनींना लावतो," म्हणत आप्पांनी व्हिडिओ कॉल लावलासुद्धा. वहिनी बस्तीच्या पायरीवर होत्या, पांढऱ्या साडीत, चेहरा उतरलेला. आप्पांनी फोन आधी आमच्या सगळ्यांवरून फिरवला, मग दगडासमोर धरला.

"वाईच पाणी घाला वरनं," त्या म्हणाल्या. "आक्षरं उठत्यात."

शेतकऱ्यानं तांब्याभर पाणी सोडलं. ओल्या दगडावर ओळी काळ्या होऊन वर आल्या. वहिनींनी फोन डोळ्यांजवळ नेला. "सगळं न्हाई लागत. शेवटाला 'समाधि' आहे, म्हणजे उपास करून देह ठेवला. नाव झिजलंय." मग त्या सगळ्यांना म्हणाल्या, "बाईंनी दिवस किती बरोबर धरलाय बघा. ऐन उपासाच्या पर्वात या दगडाला माणसं नेली. मला सुचलं नसतं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. आप्पा म्हणाले, "हे नियोजन! आम्हाला एका शब्दानं बोलला न्हाईत तुम्ही." दोन बायकांनी दगडाला हात जोडले. शेतकऱ्यानंही मान हलवली. मी फोनवर "तुमची तब्येत सांभाळा" एवढंच म्हटलं. परतीच्या टेम्पोत माझं कौतुक चाललं होतं आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. सहा वर्षांत इतकं कौतुक कधी झालं नव्हतं. त्यातलं एक अक्षरही माझं नव्हतं.

अनंत चतुर्दशी झाली. चार दिवस मी दुकानासमोरून न थांबता गेले. पाचव्या दिवशी आत गेले आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर बोलले नसते.

"वहिनी, त्या दिवसाचं मी चांगलं मनात आणून केलं नव्हतं. तुम्ही येऊ नये म्हणून तो रविवार घातला."

त्या परकराचं कापड फाडत होत्या. टर्रकन फाडून झालं, घडी घातली.

"ठाऊक हाय मला. आमच्या घरातबी कॅलेंडर हाय की बाई."

"मग सगळ्यांसमोर तसं कशाला म्हणालात?"

"तुमचं तोंड दिसत होतं मला फोनमध्ये." त्यांनी कापड पिशवीत भरलं. "राग आलता मला, न्हाय कशाला म्हणू. पर्वात राग धरायचा नसतो, म्हणून तेवढे दहा दिवस गिळला. आता धरला तर चालतंय. पण सोडा. चहा घेणार?"

मी हो म्हटलं. मला हलकं वाटायला हवं होतं, पण मी त्यांच्याकडे बघत हिशेब करत होते, की त्या जागी मी असते तर उपाशीपोटी असं वाक्य मला सुचलं असतं का. नसतं. अक्षरं मी शिकून घेईन; बेळगावात जुन्या कानडीचा वर्ग चालतो, चौकशीही केली आहे. हे कुठे शिकवतात?

शेजारी बाकावर खेड्यातल्या दोघी जणी ब्लाऊजपीस निवडत बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "वहिनी, आमच्या मळ्यातबी एक दगूड हाय, घोड्याचा. सासू त्याला नारळ फोडत्या."

"व्हय? का बरं?" वहिनी म्हणाल्या. हातात कात्री. लिहून घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

मी वही काढली. "गाव कुठलं तुमचं? मळा कुठल्या वाटेला?"

ती बाई वहिनींकडे बघत माझ्या प्रश्नाचं उत्तर देऊ लागली. ती सांगत गेली ते सगळं मी लिहून घेतलं.