मागची ट्रॉली

उसाच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची पिन नव्यानं बनवायची, हा आमच्या बीडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका गटाचा प्रोजेक्ट होता. मी त्यांचा गाईड. पिनेची जाडी मुलांनी एआयकडून काढून घेतली होती. त्याला माझी ना नव्हती, फक्त पायरी न् पायरी तपासा, असं बजावलं होतं. मीही तपासली. सूत्रं बरोबर, आकडे बरोबर. मी सही केली.

पिन लेथवर तयार झाली. वर्कशॉपमागं ट्रॅक्टर येऊन थांबला. गटातली एक मुलगी पिन हातात तोलत उभीच राहिली. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात.

"एआयला ट्रॉल्या किती सांगितल्या?" तिनं गटप्रमुखाला विचारलं.

"एक."

"उसाला दोन असतेत."

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

"मग इतके दिवस झोपली होतीस का?" मी तिच्यावरच खेकसलो.

"पिन बारीक वाटत हुती, पण तुमी बगितलंय म्हणून गप बसले, सर. माझी आई मागच्या ट्रॉलीवर बसती."

गटप्रमुखानं मोबाईलवर एका ट्रॉलीच्या दोन केल्या. एआयनं लगेच जाड पिन सांगितली, वर चुकीबद्दल माफीही मागितली. त्याला कुणी दुसरी ट्रॉली सांगितलीच नव्हती. मी मात्र इथल्याच, ऊसतोडीच्या दिंद्रुड गावचा. लहानपणी मागच्याच ट्रॉलीतून ऊस उपसून खाल्लेत.

त्या मुलीची माफी मी अजून मागितलेली नाही.