गाऱ्हाण्यातली कुर्ली

लग्न होऊन पावसला आले तेव्हा माझ्याजवळ प्राणिशास्त्राची पदवी होती आणि स्वयंपाकाच्या नावाने आनंद होता. ऐंशीच्या दशकाची सुरुवात ती. सासऱ्यांची हापूसच्या कलमांची बाग, बागेच्या कडेला कातळ आणि कातळावर करवंदांची भलीमोठी जाळी. त्या जाळीत मला ती दिसली. पांढऱ्या फुलावर पांढरीच कोळीण, पुढचे पाय पसरून बसलेली, बोट नेलं की कुर्लीसारखी, म्हणजे खेकड्यासारखी, आडवी सरकणारी. ही जाळं विणत नाही, फुलात दबा धरून बसते.

माहेरी चिपळूणला गेले तेव्हा मी काढलेलं तिचं चित्र कॉलेजातल्या माझ्या सरांना दाखवलं. सर म्हणाले, "ही मी आजवर दोनदाच पाहिली. जाळ्या पेटवतात तिथून ही नाहीशी होते. पान दुमडून त्यात अंडी घालते आणि पिल्लं निघेपर्यंत जागची हलत नाही. आग आली तरी."

आणि आमच्याकडे तर दर माघात ती जाळी तोडून पेटवायची रीत. बागेभोवती मोकळा पट्टा राहिला की वणवा आत शिरत नाही.

परतले तेव्हा जाळणी दोन दिवसांवर आली होती. जाळीत दुमडलेली पानं होती. मी नको तेव्हा, म्हणजे सासरे जेवत असताना, विषय काढला. ते म्हणाले, "कोळ्यासाठी कलमा घालवू काय गो?" गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. "जाळीच्या पलीकडचं गवत कापून तिथे मोकळा पट्टा केलात तर दोन्ही वाचतील," मी म्हटलं. सासूबाईंनी डोळे वटारले. सासरे हात धुऊन उठले. मी भांडी अशी आपटली की शेजारी कळावं.

जाळणीआधी बागेच्या राखणदाराला, म्हणजे कडेच्या दगडातल्या देवाला, नारळ द्यायचा असतो. त्या सकाळी घरचे, गडीमाणसं सगळे दगडापुढे उभे. सासऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवाला मोठ्याने विनवलं, "पोराबाळांचा, गुराढोरांचा, कलमांचा सांभाळ कर." आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग त्यांनी पुढे म्हटलं, "आणि ही सून नवी आली हाय, तिचा सांभाळ कर. आणि तिच्या त्या फुलातल्या कुर्लीचा."

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मी सासऱ्यांकडेच बघत होते, माझं "व्हय" म्हणायचं राहूनच गेलं. कुर्ली राखणदारावर सोपवल्यावर तिच्या जाळीला कोयता कोण लावणार? पलीकडचं गवत कापायला चार दिवस जास्त लागले. सासरे स्वतः वाकून कापत होते. दुमडलेल्या पानांतून पिल्लं बाहेर पडली, ती मी जाळीपाशी उकिडवी बसून पाहिली.

पुढे दर वर्षी गाऱ्हाण्यात कुर्ली आली. दशक सरता सरता सासरे गेले. त्या माघात नारळ माझ्या नवऱ्याच्या हातात होता. त्याने पोरंबाळं, गुरंढोरं, कलमं सगळं नीट म्हटलं आणि थांबला. कुणीच "व्हय" म्हणेना. मला वाटलं, त्याचं काही चुकलं.

तेव्हा आमच्याकडची सगळ्यांत जुनी कामकरीण मागून म्हणाली, "कुर्ली ऱ्हायली."

नवऱ्याने कुर्लीचं नाव घेतलं. या खेपेला "व्हय म्हाराजा" सगळ्यांच्या आधी मी म्हटलं.