किसनदादाचं शेवटचं कडवं

"शेवटचं कडवं कापून टाका," साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचे पीए म्हणाले.

भूमला माझं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. शिवाय स्पूलवर मी रेकॉर्डिंगही करायचो. ती टेप ब्लेडनं कापून पट्टीनं जोडता येते. पण माझ्याकडच्या टेपवरचं हे गाणं किसनदादाचं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात दादा सरकारी कामावर खडी फोडायचा, तिथंच गाणी रचायचा. कुठल्या पक्षाच्या कलापथकात तो कधी गेला नाही. त्या कामावर दादासकट बौद्धवाड्यातल्या लोकांना पाणी वरून ओंजळीत ओतायचे. दादानं तिथंच गाणं केलं आणि शेवटी आपलं नाव ओवलं: "किसन म्हणे, बाया हो, पाणी समद्यांचं हाय." आमच्याकडची रीतच आहे ती. शेवटच्या कडव्यातलं नाव म्हणजे गाण्याचा सातबारा. दादा वारला तोवर तालुक्यातली प्रत्येक गायनपार्टी त्याची गाणी म्हणत होती.

आता कारखान्याच्या पाणी योजनेचं उद्घाटन होतं आणि साहेबांना तेच गाणं हवं होतं. फक्त शेवटचं कडवं कापून तिथं किसनच्या जागी साहेबांचं नाव घेतलेलं कडवं जोडायचं.

"दादाच्या बायकोला, पारूबाईला विचारलं का?" मी म्हणालो.

"तिला काय विचारायचं? गाणं तर लोकांचंच हाय की!"

माझं डोकंच फिरलं. माणसाला ओंजळीनं पाणी पाजायचं आणि मेल्यावर त्याचं नावही पुसायचं!

"लोकांचं हाय, तर साहेबांचं नाव कशाला? मी कापणार न्हाय."

"नका कापू. आमी गायनपार्टी आणतो. तुम्ही नुसते माईक लावा."

माईक लावले. एक गायकासमोर, एक मागं झील धरणाऱ्यांसमोर. झील धरणारे म्हणजे गायकाची ओळ उचलून पुन्हा म्हणणारे. पारूबाई पुढंच बायकांत बसली होती. नवऱ्याचं गाणं आहे एवढंच तिला कुणीतरी सांगितलं होतं.

शेवटचं कडवं आलं. गायकानं साहेबांकडं हात करून सूर लावला, "साहेब म्हणे, बाया हो..."

मागच्या चौघांनी डोळे मिटून, सवयीनं, जीव तोडून ओळ उचलली, "किसन म्हणे, बाया हो!"

गायक गडबडला. त्यानं पुन्हा साहेब म्हटलं. त्यांनी पुन्हा किसन म्हटलं. बिचाऱ्यांनी वर्षानुवर्षं तेच म्हटलं होतं. तिसऱ्यांदा समोरच्या बायकाही त्यांच्यात मिसळल्या. त्यातल्या निम्म्याजणींनी दादाबरोबर खडी फोडलेली होती.

पीए घामाघूम होऊन माझ्याकडं धावले. "मागचा माईक बंद करा!"

"साहेब, बटन अडकलंय," मी म्हणालो आणि आवाज थोडा वाढवला.

कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळत होतो तिथं पारूबाई आली. म्हणाली, "मागचा भोंगा लई चांगला वाजला बगा." पदरानं डोळे पुसले आणि एसटी गाठायला निघून गेली.

कारखान्यानं मला परत कधी बोलावलं नाही. नंतर चेअरमनही बदलले. माझ्या धंद्यातला अनुभव एवढाच सांगतो: गाण्यातलं नाव बदलायचं असेल, तर आधी झील धरणाऱ्यांना विचारावं.