मधू आणि रेशमी झग्यातली बाई

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगाआधी आरशासमोर नकली मिशी चिकटवत होतो. सुनंदावहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, हे गेले दुपारी." मिशी अर्धी लोंबत राहिली... मधूने पाहिलं असतं तर म्हणाला असता, "चला, आज अभिनय नाही."

मधू सदाशिव पेठेत तंतुवाद्यं दुरुस्त करायचा. आमची ओळख माझ्या अपमानातून झाली. एका नाटकात मी व्हायोलिनवादक होतो. प्रेक्षक रडले, मी खूश. तेवढ्यात हा अनोळखी गृहस्थ रंगपटात आला. "रडलात छान. डावा हात मात्र रजेवर होता." दुसऱ्या दिवशी दुकानात बोलावून त्याने रद्दीत मिळालेलं एक जाडजूड पुस्तक उघडलं. अठराव्या शतकातल्या इंग्रजांची व्यक्तिचित्रं. बासरी धरलेला उमराव, हार्पसिकॉर्डपाशी, म्हणजे पियानोच्या आजीपाशी, बसलेल्या मुली, गुडघ्यांत चेलो घेतलेले आजोबा. मधू चेहरे बघायचाच नाही. बोटं बघायचा आणि निकाल द्यायचा. "हा वाजवणारा. हा नुसता बसलेला. ह्याची बासरी चित्रकाराच्या घरची." मग रेशमी झग्यातली एक बाई आली. मांडीवर गिटारसारखं, पेरूच्या आकाराचं वाद्य आणि डावा हात त्यावर नुसता टेकलेला, एकही तार न दाबता. "ही तुमची बहीण," मधू म्हणाला.

पुढे अहो-जाहो संपलं, अरे-तुरे आलं, पण बहीण टिकली. माझा प्रत्येक प्रयोग बघून तो विचारायचा, "बहीण बरी आहे ना?" मला वीस वर्षं त्याच्याकडून दोनच शब्द हवे होते. हा वाजवणारा.

गेल्या वर्षी त्याचे हात थरथरायला लागले. एकदा फोन आला, "ये. एका बाईची माफी मागायचीय. साक्षीदार हवा." जाऊन बघतो तर त्याने चित्रातलं ते वाद्य बनवलं होतं. त्या काळी त्याच्या तारा कशा जुळवत, हे त्याने कुठूनतरी शोधून काढलं होतं. "छेड," म्हणाला. मी मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवला. सा-ग-प, परत सा-ग-प. डाव्या हाताला कामच नव्हतं. त्याने पुस्तक उघडून त्या बाईला रीतसर हात जोडले. "बाई, आपण वाजवत होतात."

"आणि तिच्या भावाची माफी?"

"तुझ्या हातात व्हायोलिन होतं. शिक्षा कायम."

आमची ती शेवटची भेट. तेराव्यानंतर वहिनी ते वाद्य घेऊन आल्या. "तुमच्या बहिणीचं आहे, तुम्हालाच द्यायचं, म्हणाले होते."

आता तालमीला निघताना मी ते मांडीवर घेतो, डावा हात टेकवतो, अंगठा फिरवतो. गेल्या आठवड्यापासून गंधार उतरलाय. मला तो जुळवता येत नाही. पेठेत दुरुस्त करणारे दुसरेही आहेत, चांगले आहेत. दोनदा एकाच्या दुकानाच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आलो... माझा डावा हात बघून ते काहीच बोलले नाहीत तर?