चौदा नंबरची पाहुणी

आमच्या हिने चोवीस वर्षं त्या बेटावर लोकांचे बिछाने घातले आणि एकाही बिछान्यावर कधी टेकली नाही. लोकांना वाटतं, तसा नियम असेल. नियम होताच, पण तो नसता तरी ती टेकली नसती. तिच्याविषयी लिहावं असं पुष्कळ दिवस मनात आहे. मी जन्मभर टपाल कचेरीत दुसऱ्यांची पत्रं वेगळी केली, स्वतः लिहिली फार थोडी. तेव्हा जमेल तसं लिहितो.

बेट एका हॉटेल कंपनीच्या मालकीचं आहे. तीस बंगल्या, प्रत्येकीच्या मागच्या दारातून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. एका रात्रीचं भाडं ऐकून आमचा जावई म्हणाला होता, एवढ्यात सकाळी निघताना बंगली सोबत न्यायला मिळाली पाहिजे. ही रोज पावणेसहाच्या लाँचने जायची आणि मागच्या धक्क्यावर उतरायची. तिथे भाजीच्या पाट्या, गॅसच्या टाक्या, कपड्यांची गाठोडी आणि कामाची माणसं उतरतात. पुढचा धक्का पाहुण्यांचा.

एका खोलीला तीस मिनिटं मिळायची. त्यात बिछाना, न्हाणीघर, आरसे, फरशी. तिचा बिछाना म्हणजे सुरकुतीला जागा नाही. पायथ्याचा डावा कोपरा मात्र ती दोनदा दुमडायची. तिचा अंगठा एकदा लाँचच्या दारात चेमटला होता, तो नीट वाकत नाही, आणि एका घडीत चादर घट्ट बसत नाही. हा दुहेरी कोपरा दुसरं कुणी घालत नसे. सगळं बेट तो ओळखायचं. आणि खोली सोडताना ती दारात उभी राहून एकदा मागे वळून बघायची.

निवृत्त झाली तेव्हा मॅनेजरने तिला पाकीट दिलं. आत चिठ्ठी होती, दोघांनी दोन दिवस पाहुणे म्हणून राहायचं, जेवणखाण आणि आसपासची सहल कंपनीकडून. तिने ते पाकीट कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि चार महिने त्याचं नाव काढलं नाही. शेवटी मुलगी रुसली, म्हणाली, आई, तू गेली नाहीस तर ते मी आणि हे वापरू. मग ही तयार झाली. जावयाला तिथे पाठवायचं म्हणजे बंगलीच्या जिवाला धोका.

पुढच्या धक्क्यावर उतरलो तर हिचे पाय आपोआप मागच्या वाटेला लागले. लाँचवाल्याने तिचा दंड धरून वळवलं. आम्हाला चौदा नंबर मिळाला होता. मी खिडकीतून समुद्र बघत होतो, तेवढ्यात ही पलंगाखाली वाकून धूळ बघत होती. सरबत आणणाऱ्याला तिने त्याच्या आईच्या गुडघ्याचं विचारलं, आणि तो गेल्यावर दोन्ही पेले धुऊन पालथे घातले. संध्याकाळभर ती खुर्चीच्या कडेवर बसून होती. मी म्हटलं, जरा टेकून बस. म्हणाली, टेकलेय की. तिच्या पाठीत आणि खुर्चीच्या पाठीत वीतभर अंतर होतं. रात्रीही ती पलंगावर आली नाही, खाली सतरंजी टाकून निजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती हलवल्यामुळे.

"अहो, उठा आता. चादर अडकलीय तुमच्याखाली."

आपण पाहुणे आहोत, हे काम करायला कुणीतरी येईल, असं मी सांगून पाहिलं. त्यावर ती म्हणाली, हात शिवशिवतात त्याला मी काय करू, आणि कुणाच्या कामात दोन मिनिटं वाचली तर बिघडलं कुठे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ अजून जळायचा होता. तिने बिछाना घातला, न्हाणीघर घासलं, आरसा पुसला, टॉवेलांच्या घड्या घातल्या. मी अडवायला हवं होतं. अडवायचं राहिलं बाजूला, गादीची एक बाजू मीच उचलून धरली. हे मी पुढे कुणाला बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

नऊ वाजता सहलीची बोट निघाली. आधी समोरच्या खडकावरचं दीपगृह, मग समुद्रातल्या गुहा, दुपारी परत. आमच्याबरोबर एक तरुण जोडपं आणि गळ्यात दुर्बीण घातलेले एक गृहस्थ होते. बोटीच्या तळाला काच होती आणि तिच्याखालून निळे-पिवळे मासे जात होते. ही मात्र मान वळवून मागे आमच्या बंगलीचे पडदे बघत होती. नावाड्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण त्याला बंद करायचं बटण नव्हतं. तो माशांची नावं सांगता सांगता बेटावरच्या बातम्यांवर आला.

मावशींच्या जागी एक बाई लागलीय, असं तो म्हणाला. बेटावर हिला सगळे मावशी म्हणतात. बाई चाळिशीची, यापूर्वी कुठे नोकरी केलेली नाही. नवऱ्याने अंथरूण धरल्यापासून घर तिच्यावर आहे. तीन महिने परीक्षेवर घेतलंय आणि आज शेवटचा दिवस. कामाला मंद आहे, पण मनापासून करते. आज सुपरवायझर तिच्या खोल्या तपासणार आणि त्यावर ठरणार.

"पहिली खोली तुमचीच, मावशी," रेडिओ म्हणाला. "साहेब म्हणाले, मावशींच्या खोलीत पास झाली तर कुठेही चालेल."

पुढचं त्याने हसत हसत सांगितलं. मागे परीक्षेवरच्या दोघीतिघी जुन्या बायकांकडून खोल्या करून घ्यायच्या, ते उघडकीला आलं. तेव्हापासून नवा नियम झाला, खोलीत दुसऱ्याचा हात दिसला की त्याच दिवशी घरी.

हिने माझ्याकडे पाहिलं. मी माशांकडे पाहिलं.

मग तिने रेडिओला विचारलं, बोट मागे वळवता येईल का. तो म्हणाला, बाकीच्यांच्या सहलीचं काय करू. काय झालं म्हणून त्याने विचारलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. दीपगृहाला बोट लागली तशी ही सगळ्यांच्या आधी उतरली. एकशे तीस पायऱ्या. घरी माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढत नाही ती बाई, त्या तरुण जोडप्याला मागे टाकून वर गेली. मी पोचलो तेव्हा तिने त्या गृहस्थांची दुर्बीण मागून घेतली होती.

वरून अख्खं बेट दिसत होतं. तळहातावर मावेल एवढं. मागच्या बाजूला वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा होत्या, त्या पाहुण्यांना कधी दिसत नाहीत.

"एवढंसंच आहे का हो हे?" ती म्हणाली. चोवीस वर्षांत तिने बेट लांबून पाहिलं ते पहाटेच्या अंधारात आणि परतताना पाठमोरं.

नंतर तिने आमची बंगली शोधली. तिने दुर्बीण मला दिली. आमच्या बंगलीसमोर कामाची ढकलगाडी उभी होती. एक बाई आत गेली, लगेच बाहेर आली आणि गाडीपाशी नुसती उभी राहिली. थोड्या वेळाने एक पुरुष आला. दोघं आत गेले. बाहेर आले तेव्हा तो पुढे होता आणि ती मान खाली घालून मागे.

गुहा मी पाहिल्या. आत पाण्याचा आवाज घुमतो आणि छताला हिरवा उजेड पडतो. ही बोटीतून उतरली नाही. परतताना तिने रेडिओला सांगितलं, मागच्या धक्क्याला लाव. तो म्हणाला, तिथे पाहुण्यांना उतरवायला बंदी आहे.

"मग मी पाहुणी नाही," ती म्हणाली. त्याने मुकाट्याने बोट लावली. रेडिओ बंद झालेला मी त्या दिवशी पाहिला.

चादरी ठेवायच्या खोलीत सुपरवायझर टेबलाशी बसला होता. पंधरा वर्षांपूर्वी तो बादल्या उचलायला लागला होता आणि सगळं काम हिच्याकडूनच शिकला होता. ती बाई कपाटाला टेकून उभी होती. तिने ॲप्रन काढून घडी करून हातात धरला होता. एकदम चौकोनी घडी.

हिने श्वास घेण्याआधीच सांगून टाकलं, खोली मी केली, या बाईने मला काही सांगितलं नव्हतं, तिला मी आत्ता पहिल्यांदा बघतेय. सुपरवायझर खुर्ची देऊन म्हणाला, बसा. त्याचा विश्वास बसला नव्हता, आणि त्यात त्याची चूक नव्हती. हिने चोवीस वर्षांत इतक्या जणींवर पांघरूण घातलं होतं, कुणाचा फुटलेला पेला, कुणाचा उशीर, सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, की आता खरं बोलली तेही त्याला तसंच वाटलं.

"मावशी, सुट्टीवर आलेलं माणूस न्हाणीघर घासतं का?" तो म्हणाला. "ही रडली असेल तुमच्यापाशी, तुम्हाला दया आली असेल."

"मी सांगितलं साहेबांना, खोली आधीच झालेली होती," ती बाई हळूच म्हणाली. "मला वाटलं, मी नंबर चुकले."

मी पुढे होऊन काहीतरी बोलायला हवं होतं. घसा खाकरला, एवढंच जमलं. ही बाहेर पडली आणि तरातरा चौदा नंबरकडे चालली. मी मागे. आत गेल्यावर तिने चादरीचं टोक धरून एका झटक्यात बिछाना उपसला, उशा फेकल्या, टॉवेल जमिनीवर टाकले. मग टेलिफोन उचलला. तो टेलिफोन तिने हजारदा पुसला होता.

"चौदा नंबरची पाहुणी बोलतेय," ती म्हणाली. "खोली विस्कटलेली आहे. माणूस पाठवा. आणि सुपरवायझरला पण."

दोघं आले. विस्कटलेली खोली बघून तो काय ते समजला असावा, कारण त्याने काही न विचारता घड्याळ बघितलं आणि दाराशी उभा राहिला. बाईने ॲप्रन पुन्हा बांधला.

ती तीस मिनिटं हिला फार जड गेली. खुर्चीत बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. बाईने चादर उलटी टाकली तेव्हा ही अर्धी उठली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तशी बसली. बाईने चादर स्वतःच सुलटी केली. उशी अभ्र्यात जाईना, तेव्हा हिचे ओठ हलत होते. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला तसा हिचा पाय जमिनीवर ताल धरायला लागला, बादली किती भरली ते तिला आवाजावरून कळत होतं. बाईच्या कपाळावरून घाम गळत होता, पण तिने हिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

एकोणतीस मिनिटं झाली. सुपरवायझर बिछान्याभोवती फिरला, हात फिरवून पाहिलं, आणि हिच्याकडे वळला.

"तुम्ही सांगा, मावशी."

बाई भिंतीला लागून उभी होती. ही उठली, पायथ्याशी गेली, वाकली. चांगलं आहे म्हटलं असतं तर संपलं असतं. पण कोपऱ्याबाबत खोटं बोलणं तिला जमत नाही.

"उजवा कोपरा सैल आहे," ती म्हणाली.

बाईने डोळे मिटले.

"पहिल्या वर्षी माझाही असायचा. आणि तुझा रे, तुझा तीन वर्षं होता. मी रोज मागून येऊन ओढायचे, आठवतंय का?"

त्याने मान खाली घालून हसू दाबलं. मग खिशातला कागद काढला, आधी लिहिलेलं खोडलं आणि तिथेच टेबलावर टेकवून सही केली. बाईने ढकलगाडी बाहेर नेली. दारात उभं राहून तिने एकदा मागे वळून खोलीकडे पाहिलं. हे तिला कुणी शिकवलं होतं, मला माहीत नाही.

ती गेल्यावर दुपारचं लख्ख ऊन पलंगापर्यंत आलं होतं. ही बराच वेळ त्या उजव्या कोपऱ्यापाशी उभी होती. एकदा हात पुढे गेला, तिने तो मागे घेतला. मग चपला काढल्या आणि त्या बिछान्यावर आडवी झाली, पाय न हलवता, एखादी वस्तू नेऊन ठेवावी तशी.

मी विचारलं, कसं वाटतंय.

"कोपरा टोचतोय," ती म्हणाली, पण उठली नाही.